जुन्या काळच्या वीरांगना आणि चित्रकथेतील त्यांचा पोशाख

बंगळूरच्या जुन्या किल्ल्यालगत चामराजपेट ही वस्ती आहे. म्हैसूरच्या दहाव्या चामराजेंद्र वडियारांच्या नावाने ती 1892 साली वसविण्यात आली. कन्नड साहित्य परिषदेचे स्थान याच वस्तीत असल्याने कन्नड भाषेच्या अभिमानाशी तिचे नाव जोडले गेले आहे. येथील एखाद्या शाळकरी मुलीपुढे कागद ठेवून जुन्या काळची पराक्रमी स्त्री काढावयास सांगितले, तर तिच्या पेन्सिलीतून बहुधा दोनपैकी एक आकृती उतरेल. पहिली ओनके ओबव्वाची: काष्टा घातलेली, दोन्ही हातांनी मुसळ उगारून चित्रदुर्गाच्या तटातील खिंडीपाशी उभी असलेली. दुसरी, ताऱ्यांची निळी विजार, लाल कंचुकी आणि कपाळावर सोनेरी पट्टी मिरविणाऱ्या अमेरिकन ‘वंडर वुमन’ची. या दोन आकृतींमध्ये हजारो मैलांचे अंतर आहे. तथापि ती दोन्ही चित्रे काढणाऱ्यापुढे एकच अडचण उभी राहते. पोशाख जुना दिसला पाहिजे, ओळखू आला पाहिजे, आणि तो अंगावर असताना त्या स्त्रीला धावता, चढता व लढता आले पाहिजे. यांपैकी तिसरी अट चित्रकार सर्वाधिक वेळा विसरतात.

चित्रकथेतील पोशाखाचे पहिले काम ओळख पटविणे हे होय. बत्तीस पानांच्या पुस्तकात पानागणिक पाच-सहा चौकटी धरल्या, तर नायिका दीडशेच्या आसपास वेळा काढावी लागते. कधी समोरून, कधी पाठमोरी, तर कधी नखाएवढ्या आकारात. इतक्या लहान आकारात चेहरा ओळखू येत नाही. तेथे वाचकाला आधार मिळतो तो बाह्याकृतीचा आणि रंगाचा. अमेरिकेत 1936 साली सुरू झालेला ली फॉक यांचा ‘फँटम’, जो पुढे मराठी मुलांना ‘वेताळ’ म्हणून परिचित झाला, आणि 1938 चा ‘सुपरमॅन’ या दोघांचेही पोशाख अंगाला घट्ट बसणारे होते. सर्कशीतील पहिलवान व कसरतपटू यांच्या पोशाखाशी त्यांचे नाते उघड आहे. घट्ट पोशाखामुळे शरीराची हालचाल स्पष्ट दिसते आणि चित्रकाराचे वस्त्रांच्या चुण्या काढण्याचे श्रमही वाचतात. सुपरमॅनच्या खांद्यावरील झूल वाऱ्याची दिशा व उड्डाणाचा वेग दाखविते. तिचा दुसरा काहीही उपयोग नाही.

रंगांचे कारण छपाईत सापडते. त्या काळी स्वस्त वर्तमानपत्री कागदावर निळा, किरमिजी, पिवळा व काळा अशा चार शाया वापरून ही पुस्तके छापीत. पहिल्या तिन्ही शायांच्या ठरावीक ठिपकेदार छटा एकमेकींवर छापून फार तर चौसष्ट रंग मिळत, आणि त्यांतील मळकट छटा कागदावर आणखी मळकट होत. म्हणून महानायक व महानायिका लाल, निळ्या, पिवळ्या अशा ठसठशीत रंगांत वावरू लागल्या. आज जुन्या धाटणीचा पोशाख रंगविताना संगणकावर लाखो छटा हाताशी असतात. जुनेपणा आणावयाचा असेल तर त्यांतील बहुतेक छटांकडे पाठ फिरवावी लागते.

‘वंडर वुमन’ 1941 च्या अखेरीस प्रथम अवतरली. विल्यम मोल्टन मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाची ती कल्पना, आणि चित्रे एच. जी. पीटर यांची. पीटर यांचा जन्म 1880 चा. म्हणजे हे काम हाती घेताना त्यांनी साठी ओलांडली होती. त्यांच्या जाड-बारीक होत जाणाऱ्या, किंचित वळणदार रेषेत विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मासिकांतील स्त्रीचित्रांची आठवण राहिलेली दिसते. आज ज्याला जुन्या काळची ‘वंडर वुमन’ म्हणतात, ती अशा रीतीने स्वतःच्या काळातही थोडी जुनी होती. तिच्या पहिल्या पोशाखात छातीवर सोनेरी गरुड होता आणि कमरेखाली पांढऱ्या ताऱ्यांचा निळा, घेरदार झगा होता. काही महिन्यांतच या झग्याच्या जागी आखूड विजार आली.

या बदलाचे तांत्रिक कारण समजावून घेण्यासारखे आहे. घेरदार झगा उभ्या आकृतीला शोभतो. पण ती आकृती उडी घेऊ लागली, कोलांटी मारू लागली, की झगा वर जाणार, हे निसर्गनियमाला धरून आहे. मग चित्रकाराने खरे चित्र काढून नायिकेला अवघडलेल्या स्थितीत दाखवावे, की झगा अंगाला चिकटवून खोटे चित्र काढावे? विजारीमुळे हा पेच सुटला. परंतु तिच्यामुळे एक दार उघडले गेले, हेही खरे. हालचालीच्या सोयीसाठी आखूड झालेले वस्त्र पुढील चित्रकारांनी वाचकांतील मुलग्यांच्या व पुरुषांच्या सुखासाठी आणखी आखूड केले. 1990 च्या दशकात तर त्या वस्त्रात कापड असे फारसे उरलेच नव्हते. 1968 साली तिचे सामर्थ्य व पोशाख दोन्ही काढून घेऊन तिला साधे आधुनिक कपडे चढविण्यात आले. 1972 साली ‘मिस’ या स्त्रीवादी मासिकाने आपल्या मुखपृष्ठावर जुन्या पोशाखातील वंडर वुमन छापली, आणि 1973 साली तो पोशाख तिला परत मिळाला. कपड्यांचा वाद वरवरचा असतो असे म्हणणाऱ्यांनी ही पाच वर्षे पाहावीत.

टार्पे मिल्स या चित्रकर्तीची ‘मिस फ्युरी’ वंडर वुमनच्या काही महिने आधी, एप्रिल 1941 मध्ये वृत्तपत्रांत सुरू झाली होती. चित्रकथा काढणारी व्यक्ती स्त्री आहे हे वाचकांना कळू नये म्हणून मिल्स यांनी ‘जून’ हे आपले पहिले नाव वगळले. तिच्या नायिकेचा काळ्या चित्त्याच्या कातड्याचा पोशाख क्वचितच दिसतो. बहुतेक चौकटींत ती त्या वेळच्या प्रचलित फॅशनच्या कपड्यांत वावरते, आणि ते कपडे कसे शिवले असतील हे त्यांच्या रेखाटनावरून सांगता येते.

आता भारताकडे वळावयास हरकत नाही, आणि आरंभ पुन्हा बंगळूरपासूनच करावा लागतो. ‘अमर चित्र कथा’ ही माला मुंबईची समजली जाते. पण तिचे पहिले पाऊल कन्नडमध्ये पडले. इंडिया बुक हाउसच्या बंगळूर शाखेतील जी. के. अनंतराम यांच्या पुढाकाराने 1965 साली पाश्चात्त्य बालकथांची दहा चित्रपुस्तके कन्नडमध्ये निघाली. ‘सिंड्रेला’, ‘स्नो व्हाइट’ ही त्यांतलीच. त्यानंतर अनंत पै यांच्या संपादनाखाली निघालेले ‘कृष्ण’ हे पुस्तक अकराव्या क्रमांकाचे ठरले, ते यामुळेच. म्हणजे या मालेतील कन्नड बोलणाऱ्या पहिल्या नायिका पायघोळ युरोपीय झग्यात होत्या. पुढे राण्या आल्या: पद्मिनी, चांदबीबी, दुर्गावती, झाशीची राणी. त्यांना कोणते कपडे घालावयाचे हा प्रश्न ज्यांच्यापुढे आला त्यांत राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा मराठी चित्रकारांचा मोठा भरणा होता. यांपैकी मुळीक यांनी पुढे ‘राज कॉमिक्स’च्या ‘नागराज’चेही आरंभीचे अंक काढले. घट्ट पोशाखातील महानायक आणि काष्ट्यातील राणी या दोन्ही परंपरा एकाच पिढीच्या हातून गेल्या त्या अशा.

या पिढीला एक गोष्ट घरातच पाहावयास मिळाली होती, ती म्हणजे नऊवारी लुगडे. त्याची लांबी सुमारे आठ मीटर. ते कमरेभोवती गुंडाळून पोटावर गाठ मारतात, पुढे निऱ्या घालतात, आणि निऱ्यांचा मधला भाग दोन्ही पायांमधून मागे नेऊन कमरेशी खोचतात. हाच काष्टा. कन्नडमध्ये त्याला ‘कच्चे’ म्हणतात. पदर छातीवरून खांद्यावर जातो आणि कामाच्या वेळी कमरेला बांधला जातो. शेतात राबणाऱ्या स्त्रिया लुगडे गुडघ्याशी आखूड नेसतात. ब्राह्मणी पद्धतीत ते घोट्यापर्यंत उतरते. दोन्ही पाय वेगवेगळे आच्छादलेले, पण एकही टाका न घातलेले असे हे वस्त्र आहे. झगा की विजार या अमेरिकन चित्रकाराच्या पेचाचे उत्तर येथील बायकांच्या अंगावर शतकानुशतके होते.

मात्र ते कागदावर उतरविणे सोपे नाही. शिकाऊ चित्रकार काष्टा काढताना सैल पायजमा काढतात आणि मागे एक शेपूट जोडतात. काष्ट्याच्या चुण्या कोठून निघतात हे कळले की ही चूक टळते. वस्त्राला ताण देणाऱ्या जागा तीन: पोटावरची गाठ, मागे खोचलेले टोक, आणि त्या क्षणी वाकलेला गुडघा. स्त्रीने पाऊल पुढे टाकले की मांडीचा पुढचा भाग गुळगुळीत होतो. मागच्या खोचेपासून निघालेल्या चुण्या मांडीच्या आतील बाजूने गुडघ्याकडे धावतात, आणि पोटरीमागे कापडाचा सैल घोळ लोंबतो. घोड्यावर मांड ठोकली की मांडीवरचे कापड ताणून सपाट होते व सगळा घोळ गुडघ्याच्या खाली जमतो. ताणलेल्या जागी रेषा कमी व बारीक, आणि सैल जागी जाड व तुटक असली की वस्त्राला वजन येते. आधी शरीराची आकृती पूर्ण काढावी, तिचा तोल कोणत्या पायावर आहे ते ठरवावे, आणि मगच तिच्यावर लुगडे नेसवावे. काठ दोन समांतर रेषांनी दाखविला तरी पुरतो; त्या दोन रेषा शरीराच्या गोलाईवरून बरोबर वळल्या पाहिजेत. नक्षीचा मोह मुखपृष्ठापुरता ठेवणे हिताचे. आतील दीडशे चौकटींत तीच नक्षी सारखी येणार नाही, आणि न आल्यास मुले ती चूक नेमकी हेरतात.

या उलट, पुढे निऱ्या सोडलेली व काष्टा नसलेली आजची साडी ऐतिहासिक राणीला नेसविली की दोन घोटाळे होतात. ती घोड्यावर नीट बसू शकत नाही हा पहिला. काळ चुकतो हा दुसरा. ठाकूर घराण्यातील ज्ञानदानंदिनी देवींनी 1860 च्या दशकातील मुंबईच्या वास्तव्यानंतर साडी नेसण्याची जी नवी रीत बंगालमध्ये रूढ केली, तिच्यातून आणि तशाच इतर प्रयोगांतून आजची ‘भारतीय’ समजली जाणारी साडी घडत गेली. 1857 च्या राणीच्या अंगावर ती शोभत नाही. शिवाय साडी सर्वत्र एक नव्हती व नाही. कोडगूमध्ये स्त्रिया निऱ्या पाठीमागे घालतात. उत्तर कर्नाटकातील इरकली लुगडे व गुळेदगुड्डचा खण महाराष्ट्रातही घरोघर पोहोचले. मराठी हाताला सवयीचा असलेला काष्टा प्रत्येक कन्नड राणीला सरसकट चढविणे हेही त्यामुळे धोक्याचे आहे.

झाशीच्या राणीबाबत तर पुरावा विपुल आहे, आणि म्हणूनच तिचे उदाहरण सविस्तर पाहणे योग्य ठरेल. जॉन लँग हा वकील 1854 साली तिला भेटला. तिच्या अंगावर साधे, तलम, पांढरे वस्त्र होते आणि दागिने जवळजवळ नव्हते, असे त्याने नोंदविले आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे हे वेढ्याच्या काळात झाशीत होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी राणीला दोन्ही वेषांत पाहिले होते: कधी पायजमा, अंगरखा, डोक्यास पागोटे व कमरेस तलवार असा पुरुषी वेष, तर कधी पांढरे लुगडे व मोजके अलंकार. मराठी वाचकाला हे ठाऊक असते. तरीही डोळ्यांपुढे येते ते तिसरेच चित्र: रंगीत भरजरी लुगडे, गळ्यात दागिने, घोडा दोन पायांवर, तलवार उंच आणि पाठीशी बांधलेले तान्हे मूल. दामोदरराव 1853 साली दत्तक गेला तेव्हा सुमारे पाच वर्षांचा होता. 1858 मध्ये तो तान्हा नव्हता. आठ-नऊ वर्षांचा मुलगा पाठीला बांधून तलवार चालविणे म्हणजे काय, हे कोणत्याही चित्रकाराने स्वतःच्या घरच्या मुलावर अजमावून पाहावे. पुतळे, दिनदर्शिका व पाठ्यपुस्तके यांनी ते चित्र इतके घट्ट बसविले आहे की खरा पोशाख काढला तर राणी ओळखू येणार नाही अशी भीती वाटते. ओळख आणि इतिहास यांची येथे सरळ टक्कर आहे. यातून मार्ग काढता येतो: पागोटे व अंगरखा घातलेली राणी किल्ल्यावर दाखवावी, पांढऱ्या लुगड्यातील दरबारात दाखवावी, आणि दोन्ही ठिकाणी कमरेचा दुपट्टा व तलवार तीच ठेवावी. पुढच्या चौकटीत वाचक तिला चुकणार नाही.

कित्तूरच्या चेन्नम्माचे रूप पुष्कळसे विसाव्या शतकात घडले. बेळगाव जिल्ह्यातील या राणीच्या सैन्याने ऑक्टोबर 1824 मध्ये कंपनीच्या सैन्याचा पाडाव केला व त्यात थॅकरे हा अधिकारी मारला गेला. 1829 साली बैलहोंगलच्या कैदेत तिचा अंत झाला. बी. आर. पंतुलु यांच्या 1961 च्या कन्नड चित्रपटात बी. सरोजादेवींनी तिची भूमिका केली. 1972 च्या ‘नागरहावु’मध्ये जयंती यांनी ओबव्वा साकारली. त्यानंतर कागदावर उतरणाऱ्या या दोघींच्या मागे त्या दोन अभिनेत्रींची सावली असतेच. यात लाजिरवाणे काही नाही. अहमदनगरचा किल्ला लढविणारी चांदबीबी 1600 साली मारली गेली, आणि घोड्यावर बसून ससाण्यासह शिकार करणारी तिची दख्खनी लघुचित्रे सुमारे शंभर वर्षांनंतरची आहेत. त्या चित्रकारांनीही तिला पाहिले नव्हते. तेही जुन्या काळची वीरांगना आपल्या काळच्या डोळ्यांनी काढीत होते.

ज्यांना आधार हवा असेल त्यांच्यासाठी साधने पुष्कळ आहेत. ऑटो रॉथफेल्ड यांच्या 1920 च्या सुमारास निघालेल्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी म. वि. धुरंधर यांनी काढलेली रंगीत चित्रे प्रांतोप्रांतीच्या नेसण्याचे उत्तम दर्शन घडवितात. राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांनी तर देवींनाही साडी नेसविली. येथे एक विसंगती नोंदविली पाहिजे. चित्रकथांत ऐतिहासिक राण्या आपादमस्तक झाकलेल्या दिसतात, पण पौराणिक नायिका अजिंठ्याचा व मंदिरशिल्पांचा दाखला देऊन कंचुकी व कटिवस्त्र एवढ्यावरच वावरतात. शिल्पाचा आधार खोटा नाही. परंतु त्याच चौकटीत बाजूला उभा असलेला राजा दगडासारखा ताठ असतो आणि नायिका मात्र नेहमी कमरेत वाकलेली असते, तेव्हा आधार शिल्पाचा आहे की बाजाराचा, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. वंडर वुमनच्या विजारीचे जे झाले, ते येथे प्राचीनतेच्या नावाखाली झाले.

‘अमर चित्र कथे’तील ‘झाशीची राणी’ या पुस्तकाची संहिता माला सिंग यांची, तर चित्रे हेमा जोशी यांची. तत्कालीन चित्रकथांच्या दुनियेत हा योग क्वचितच येई. अमेरिकेत वंडर वुमनचे पुस्तक स्त्रीच्या हातून रेखाटले जाण्यास 1986 साल उजाडावे लागले. ट्रिना रॉबिन्स यांनी ‘द लेजंड ऑफ वंडर वुमन’ ही चार अंकांची माला काढताना जाणूनबुजून पीटर यांची जुनी धाटणी उचलली: तीच वळणदार रेषा, तेच मोकळे सपाट रंग, तोच छातीवरचा गरुड, जो मूळ मालेतून 1982 साली हटविण्यात आला होता. मधल्या दशकांत आखूड होत गेलेले वस्त्र त्यांनी पुन्हा अंगभर केले आणि नायिकेच्या खांद्यांना व पायांना बळ दिले.

2014 साली न्यू जर्सीतील पाकिस्तानी कुटुंबातली कमला खान ‘मिस मार्व्हल’ झाली. जेमी मॅकेल्व्ही यांनी रचलेल्या तिच्या पोशाखात जुन्या महानायिकांचा निळा, लाल व पिवळा हे तिन्ही रंग आहेत. पण वरचा अंगरखा कमीजसारखा मांडीपर्यंत उतरतो, त्याखाली पाय झाकलेले आहेत, आणि गळ्याभोवती लाल ओढणीसारखा पट्टा आहे. ती धावू लागली की तो मागे उडतो व वाऱ्याची दिशा दाखवितो. सुपरमॅनच्या झुलीचे काम तेथे तो पट्टा करतो.